हकीम, पंडित आणि एक आयरिश डॉक्टर

जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाला दवाखान्यात नेले की परिचारिका आधी त्याच्या हाताची शीर शोधते आणि सलाईन लावते. तासाभरात रुग्णाच्या चेहऱ्यावर तरतरी येते, नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ रक्तात परत घालावे, हा साधा वाटणारा विचार रक्ताच्या तपासणीच्या आधारे मांडणारा डॉक्टर तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचा होता. त्याचे नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

पुढे याच माणसाने हिंदुस्थानात तारखात्याची उभारणी केली. आणि याच माणसाने भांग, गांजा, चरस या आपल्या रस्त्यावरच्या, मठांतल्या आणि तकियांतल्या वस्तूंची औषध म्हणून शिस्तीने परीक्षा घेतली. आज भांगेतल्या द्रव्यांचा यकृताच्या जुनाट आजारांवर काय परिणाम होतो, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत सुरू आहे. त्या शोधाची वाट थेट एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यापर्यंत मागे जाते, आणि तिथे ओशॉनेसींच्या शेजारी एक मुतवल्ली, एक हकीम आणि दोन पंडितही भेटतात.

विषारी मिठाई आणि कॉलऱ्याचे रक्त

ओशॉनेसींचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधील लिमरिक शहरात झाला. एडिनबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये ते डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि नशीब अजमावायला लंडनला आले. पण लंडनमध्ये वैद्यकीचा व्यवसाय करायचा तर तिथल्या संस्थेचा परवाना लागे. एडिनबराची पदवी त्यासाठी पुरेशी नव्हती. रुग्ण तपासता येत नाहीत म्हणून या तरुणाने रसायनशास्त्राची कास धरली आणि विषांच्या तपासणीचे काम सुरू केले.

त्या काळी लंडनच्या दुकानांत मुलांसाठी रंगीबेरंगी मिठाई मिळे. पिवळी, हिरवी, लाल. ओशॉनेसींनी ती तपासली तेव्हा रंगांच्या जागी शिसे, तांबे आणि पारा यांची विषारी संयुगे सापडली. १८३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. अन्नातल्या भेसळीवरचे हे सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक मानले जाते.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या संडरलँड बंदरात कॉलरा शिरला. माणसे काही तासांत निळी पडून मरत होती. डॉक्टर मात्र जुन्याच रिवाजाने रुग्णाची शीर कापून आणखी रक्त काढत होते. ओशॉनेसी तिथे गेले. त्यांनी रुग्णांचे रक्त आणि जुलाब दोन्ही तपासले. रक्तातले पाणी मोठ्या प्रमाणात घटले होते, क्षार आणि अल्क कमी झाले होते, आणि जे रक्तातून गेले तेच जुलाबात सापडत होते. हिशेब जुळला. मग जे गेले ते शिरेतून परत द्यावे, असे त्यांनी सुचवले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ गावच्या थॉमस लॅटा या डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष करून दाखवले. मृत्यूच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. तरीही वैद्यकीय जगाने ही कल्पना पुढे कित्येक दशके बाजूला ठेवली.

या दोन्ही कामांत ओशॉनेसींचा स्वभाव दिसतो. लोक काय मानतात ते ऐकायचे, पण मोजमाप स्वतः करायचे. कलकत्त्यात याच स्वभावाची कसोटी लागणार होती.

कलकत्त्याचे कॉलेज

१८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक शल्यवैद्य म्हणून ते बंगालमध्ये आले. दोनच वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झाले. ओशॉनेसी तिथे रसायनशास्त्र आणि औषधद्रव्यांचे प्राध्यापक झाले. याच कॉलेजात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. शवाला हात लावणे म्हणजे जात गमावणे, असे मानणाऱ्या समाजात ती मोठी घटना होती. संस्कृत आयुर्वेद शिकवणारा पंडित आणि विलायतेहून आलेला रसायनशास्त्रज्ञ एकाच इमारतीत काम करत होते.

विलायतेहून बोटीने येणारी औषधे महाग असत आणि पोहोचेपर्यंत अनेकदा निकामी होत. मग इथल्याच मातीतल्या वनस्पती का तपासू नयेत, असा ओशॉनेसींचा विचार होता. पुढे त्यांनी बंगालच्या औषधद्रव्यांचा मोठा कोश तयार केला. त्या कामात एक वनस्पती त्यांचे लक्ष सतत वेधून घेत होती. बाजारात तिची पाने भांग म्हणून, शेंडे गांजा म्हणून आणि चिकट राळ चरस म्हणून विकली जात. साधू ती ओढत, मलंग ती घोटत, होळी-शिवरात्रीला ती घराघरांत पोहोचे. युरोपच्या औषधशास्त्रात मात्र तिला जवळजवळ स्थान नव्हते.

इमामबाड्याचा मुतवल्ली

ओशॉनेसींनी सुरुवात प्रयोगशाळेत केली नाही. आधी त्यांनी जाणकारांना विचारले. आपल्या १८३९ च्या निबंधात त्यांनी या जाणकारांची नावे आदराने नोंदवली आहेत. संस्कृत ग्रंथांसाठी पंडित मधुसूदन गुप्त आणि एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार. अरबी-फारसी ग्रंथांसाठी हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली आणि तेहरानचे हकीम मिर्झा अब्दुल रझ्झाक. कंपनी सरकारच्या काळात एखाद्या गोऱ्या डॉक्टराने देशी विद्वानांचे ऋण असे नावानिशी मान्य करणे ही रोजची गोष्ट नव्हती.

करामत अली ज्या इमामबाड्याचे व्यवस्थापक होते, त्याच्यामागे हाजी मुहंमद मोहसीन यांचा वक्फ होता. अविवाहित राहिलेल्या या दानशूराने १८०६ मध्ये आपली जवळजवळ सारी मालमत्ता धर्मादाय कामाला दिली आणि १८१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वक्फच्या उत्पन्नातून १८३६ मध्ये हुगळीला कॉलेज उघडले. त्याचे दरवाजे सर्व धर्मांच्या मुलांना खुले होते. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय त्याच कॉलेजात शिकले. विद्येच्या अशा वातावरणात वावरणाऱ्या मुतवल्लीने एका आयरिश डॉक्टरासाठी जुने ग्रंथ उघडले.

त्या ग्रंथांत काय होते? इजिप्तचा इतिहासकार मकरीझी याने नोंदवलेल्या हकीकती होत्या. खुरासानच्या डोंगरात राहणाऱ्या शेख हैदर नावाच्या सुफीला या वनस्पतीचा गुण कसा कळला, ही दंतकथा होती. इजिप्तच्या सत्ताधाऱ्यांनी नशेवर घातलेल्या बंदीची माहिती होती. इस्लामी धर्मशास्त्राच्या पंडितांनी या नशेचा निषेध केला होता आणि तरीही लोक ती करतच होते, हेही त्यातून दिसत होते.

सगळ्यात मोलाचा होता तो ‘मख्जनुल अदविया’ हा अठराव्या शतकातला फारसी औषधकोश. युनानी हकिमांनी त्यात भांगेचे उपयोग दिले होते आणि अतिरेकाचे तोटेही. तोट्यांच्या यादीत पचनशक्ती मंदावणे, पोट फुगणे, हातपाय आणि चेहऱ्यावर सूज, अंगकांती बदलणे अशी लक्षणे येतात. आजच्या डॉक्टराने ही यादी वाचली तर त्याच्या मनात इतर शंकांबरोबर यकृताची शंकाही येईल. ही लक्षणे अनेक आजारांत दिसतात, त्यामुळे जुन्या हकिमांना यकृतच अभिप्रेत होते असे म्हणता येत नाही. पण फायदा आणि तोटा एकाच पानावर लिहिण्याची त्यांची शिस्त ओशॉनेसींच्या कामाला येणारी होती.

आधी कुत्रा, मग माणूस

ग्रंथ वाचून झाल्यावर प्रयोग सुरू झाले, आणि तेही प्राण्यांपासून. नेपाळच्या चरसाचे दहा ग्रेन एका कुत्र्याला दिले. कुत्रा पेंगुळला, समाधानाने शेपूट हलवत राहिला, समोर ठेवलेले अन्न त्याने अधाशीपणे खाल्ले आणि काही तासांत पूर्ववत झाला. मासे, मांजरे, डुकरे, गिधाडे, कावळे अशा अनेक जिवांवर प्रयोग झाले. मांस खाणाऱ्या प्राण्यांवर नशा स्पष्ट दिसे. चरणाऱ्या जनावरांवर परिणाम नगण्य होता. कोणताही प्राणी दगावला नाही, याची खात्री झाल्यावरच ते माणसांकडे वळले.

संधिवाताच्या रुग्णांना त्यांनी गांजाच्या अर्काचा एक ग्रेन दिला. म्हणजे आजच्या मापाने सुमारे ६५ मिलिग्रॅम. एक रुग्ण बोलका झाला, गाणी म्हणू लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि मग झोपी गेला. नंतर त्याची अवस्था पाहून मात्र सारे घाबरले. त्याचे शरीर मेणाच्या पुतळ्यासारखे झाले. हात वर उचलला तर तो तसाच वर राही. काही तासांनी तो शुद्धीवर आला. ओशॉनेसींनी ही घटना लपवली नाही. ती सविस्तर लिहिली आणि पुढच्या रुग्णांसाठी मात्रा कमी केली.

मग आला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला एक रुग्ण. तो स्वतः हकीम होता. या आजारात पाण्याच्या नुसत्या दर्शनाने घशाला पीळ पडतो, तहानेने जीव कासावीस होतो आणि थेंबही गिळता येत नाही. गांजाच्या अर्काने त्याची तडफड कमी झाली. त्याला रसाळ फळे चोखता आली, भिजवलेला भात गिळता आला. काही दिवसांनी तो मरण पावला. त्या रोगावर तेव्हा उपाय नव्हता आणि लक्षणे सुरू झाल्यावर आजही जवळजवळ नाही. आपण रोग बरा केला असा दावा ओशॉनेसींनी केला नाही. रुग्णाचे मरण सुसह्य झाले, एवढेच त्यांनी नोंदवले.

धनुर्वाताच्या रुग्णांत अधिक आशादायक परिणाम दिसले. अवघ्या चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीला सतत झटके येत होते, इतर उपाय थकले होते. अर्काच्या मोजलेल्या थेंबांनी तिचे झटके थांबले आणि ती वाचली. दुसरीकडे, सतत नशा करणाऱ्यांना होणाऱ्या भ्रमाचे वर्णनही त्यांनी त्याच निबंधात केले. गुण आणि दोष दोन्ही, एकाच कागदावर.

औषधाच्या बाटलीपासून तारेच्या खांबापर्यंत

१८४० च्या दशकाच्या आरंभी ओशॉनेसी रजेवर इंग्लंडला गेले. सोबत गांजाचे नमुने होते. लंडनचे औषधनिर्माते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क तयार केला आणि युरोप-अमेरिकेच्या औषधालयांत हिंदुस्थानी भांगेच्या बाटल्या दिसू लागल्या. १८४३ मध्ये ओशॉनेसींना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या आयुष्याने वेगळेच वळण घेतले. १८३९ मध्येच त्यांनी कलकत्त्याजवळ बांबूंवर तार ताणून विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले होते. तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. लॉर्ड डलहौसींनी मात्र ते ओळखले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. नोव्हेंबर १८५३ पासून मोठ्या कामाला हात घातला गेला आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तारसेवा सामान्य लोकांसाठी खुली झाली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे एका तारेने जोडली गेली. मुंबईच्या व्यापाऱ्याला कलकत्त्याचा भाव कळायला लागणारे दिवस तासांवर आले. १८५६ मध्ये ओशॉनेसींना ‘सर’ हा किताब मिळाला.

त्यांच्या मागे भांगेचे औषध काही दशके चालले आणि मग मागे पडले. त्याचे मुख्य कारण मात्रेचेच होते. एका बाटलीतला अर्क कडक, दुसरीतला फिका. एकाच्या दहा थेंबांनी काही होत नसे, दुसऱ्याच्या दहा थेंबांनी रुग्ण भ्रमिष्ट होई. नेमके कोणते द्रव्य काम करते हेच कोणाला ठाऊक नव्हते. १८९३-९४ मध्ये सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. देशभर फिरून हजारांहून अधिक साक्षी घेऊन त्याने सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने फारशी हानी दिसत नाही, अतिरेकाने मात्र होते, असा त्याचा सूर होता. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून भांग वगळली गेली. भारतात १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर कडक बंदी आली.

आनंदाचे द्रव्य आणि माणसाचे काळीज

ओशॉनेसींना न सुटलेले कोडे १९६४ मध्ये सुटले. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी भांगेतले नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. भांगेतल्या अशा द्रव्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. पुढे कळले की माणसाच्या शरीरात या द्रव्यांसाठी जणू कुलपे बसवलेली आहेत. त्यांना सीबी-१ आणि सीबी-२ अशी नावे मिळाली. कुलूप आहे म्हणजे किल्लीही शरीरातच असणार. १९९२ मध्ये शरीर स्वतः तयार करते असे एक द्रव्य सापडले आणि मेशुलाम यांच्या चमूने संस्कृतमधल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले.

यकृताची गोष्ट इथे सुरू होते. उर्दूत ज्याला जिगर म्हणतात आणि खाटकाच्या दुकानात ज्याला कलेजी, तो हा अवयव. रक्त गाळणे, साखर साठवणे, पित्त तयार करणे, औषधे आणि विषे मोडून टाकणे ही त्याची कामे. दारू, हेपॅटायटिस बी किंवा सी, लठ्ठपणा आणि मधुमेहातून साठणारी चरबी, यांमुळे यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की तिथे व्रणासारखे कडक तंतू साठतात. त्याची पुढची पायरी म्हणजे सिरोसिस. मग पोटात पाणी होते, कावीळ होते, रक्ताच्या उलट्या होतात, माणूस गुंगीत जातो.

निरोगी यकृतात सीबी-१ ही कुलपे फारशी आढळत नाहीत. आजारी यकृतात ती वाढतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले की सीबी-१ उघडले की यकृतात चरबी आणि तंतू वाढतात. सिरोसिसमध्ये रक्तदाब खाली येण्यातही त्याचा हात असतो, असे २००१ मधील संशोधनाने दाखवले. सीबी-२ चे वागणे बरेचसे उलट आहे. ते सूज आणि तंतू रोखण्याकडे झुकते. भांगेतले टीएचसी ही दोन्ही कुलपे उघडते. म्हणूनच भांग यकृताला चांगली की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

मग सीबी-१ बंद करणारे औषध द्यावे, असे शास्त्रज्ञांना वाटणे स्वाभाविक होते. रिमोनाबॅन्ट नावाचे असे औषध २००६ मध्ये वजन कमी करण्यासाठी युरोपात आले. पण ते मेंदूतली कुलपेही बंद करत होते. रुग्णांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले आणि २००८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. आता मेंदूत न शिरता फक्त यकृतासारख्या अवयवांवर काम करतील अशा औषधांचा शोध चालू आहे.

फ्रान्समध्ये २००५ साली हेपॅटायटिस सी च्या २७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज गांजा ओढणाऱ्यांत यकृतातले तंतू वेगाने वाढण्याचे प्रमाण जास्त दिसले. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका स्पष्ट दिसला नाही. भांगेतलेच दुसरे द्रव्य, सीबीडी, नशा आणत नाही. अपस्माराच्या काही कठीण प्रकारांवर त्याचे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. चाळीस दिवसांच्या त्या मुलीच्या झटक्यांची आठवण व्हावी, असेच हे आहे. पण हेच औषध काही रुग्णांत यकृताची विकरे वाढवते. म्हणून ते सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्त तपासावे लागते.

आणखी एक गोष्ट ओशॉनेसींच्या काळी कळणे शक्यच नव्हते. खाल्लेली किंवा प्यायलेली भांग आधी यकृतात जाते. तिथे टीएचसीचे रूपांतर अधिक प्रभावी द्रव्यात होते. म्हणून प्यायलेल्या भांगेचा अंमल उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो. यकृतच थकलेले असेल तर ही द्रव्ये शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. सिरोसिसच्या रुग्णाचा मेंदू आधीच गुंगीच्या उंबरठ्यावर असतो. त्याला कोणतीही नशा त्या उंबरठ्यापलीकडे ढकलू शकते. ओशॉनेसींचा अर्क तर मद्यार्कात विरघळवलेला असे. आजचा यकृततज्ज्ञ रुग्णाला पहिली ताकीद देतो ती दारू बंद करण्याचीच.

भांग किंवा सीबीडी तेलाने यकृत साफ होते, सिरोसिस उलटतो, असे दावे आज मोबाइलवर सर्रास फिरतात. त्यांना माणसांवरच्या खात्रीशीर पुराव्याचा आधार नाही. वनस्पती नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. घरात कोणाला यकृताचा आजार असेल तर तेल, चूर्ण, काढा, पुडी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. लाजेपोटी लपवलेली एक पुडी महागात पडू शकते. आणि हेपॅटायटिस बी साठी लस आहे, हेपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बहुतेकांत बरा होतो, दारू सोडल्यावर यकृताला सावरण्याची संधी मिळते. हे सिद्ध झालेले मार्ग सोडून आडवाटेने जाण्याचे कारण नाही.

अखेरची वर्षे

ओशॉनेसींनी १८६० मध्ये हिंदुस्थान कायमचा सोडला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपले आडनाव बदलून ब्रूक असे केले आणि ते सार्वजनिक जीवनातून जवळजवळ दिसेनासे झाले. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. शिरेतून पाणी देण्याची त्यांची कल्पना तोवर सर्वमान्य झालेली नव्हती. गांजातले द्रव्य कोणते, हे कळायला आणखी पंचाहत्तर वर्षे जायची होती.

त्यांच्या निबंधात बरे झालेले रुग्ण आहेत आणि मेलेलेही आहेत. मात्रा चुकली तेव्हा काय झाले ते आहे. पंडितांनी काय सांगितले ते आहे आणि हकिमांनी काय बजावले तेही आहे. मुतवल्ली करामत अलींचे नाव तिथे पंडित मधुसूदन गुप्तांच्या नावाजवळ छापलेले आहे. यकृताच्या आजारात भांगेचे स्थान काय, याचे अंतिम उत्तर अजून यायचे आहे. ते येईल तेव्हा अशाच कामातून येईल. जाणकारांना विचारून, प्रत्येक मात्रा मोजून आणि अपयशही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून.